नऊ फुटांची पोकळी

तुम्ही तो खांब ठोकून पाहिलाच नाहीत.

आधी हे कबूल करा, मग पुढचं बोलू. तुमच्या नगरपालिकेच्या नोटिशीत सगळं तीन ओळींत आटोपलंय: तळमजल्यावरच्या रहिवाशाने घरी बनवलेल्या ध्वनिपेटीच्या कंपनांमुळे खांब क्रमांक सात पोकळ झाला. झाला म्हणे! खांब म्हणजे दात आणि आवाज म्हणजे कीड असल्यासारखं. खाली शिक्का, शिक्क्यावर सही, आणि नाव कोणाला वाचता येऊ नये याची पुरेपूर काळजी. तर आता ती पेटी कोणी केली, कशासाठी केली आणि त्या खांबात काय सापडलं, ते पहिल्यापासून ऐका. ऐकायची तुम्हाला सवय नाही, ठाऊक आहे. तरी ऐका.

पेटी केली मिस्त्रीने. माणूस सुतार. तीस वर्षं लोकांची कपाटं, पलंग, देव्हारे, दुकानांची काउंटरं करत आलाय. स्वतःचं घर मात्र चार मजली इमारतीच्या तळाला, दोन खोल्यांचं. बायको पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवते. आणि बायकोचे वडील, ज्यांना सगळी इमारत ऑपरेटर म्हणते, ते गेल्या वर्षापासून इथेच राहतात. चाळीस वर्षं त्यांनी सिनेमागृहाच्या मशीनच्या खोलीत रिळं चढवली. त्या खडखडाटात कान गेले. आता कानात यंत्र घालून समोरच्याचं बोलणं कळतं, तेही समोरच्याने गळ्याच्या शिरा ताणल्या तर.

एके दिवशी टीव्हीवर लढाईचा सिनेमा लागला होता. तोफा उडत होत्या, घोडे पडत होते आणि म्हातारा पेंगत होता.

"आवडला नाही का, मामा?" मिस्त्रीने ओरडून विचारलं.

"चित्र झकास आहे, जावईबापू. पण सिनेमा छातीत येत नाही." म्हाताऱ्याने छातीवर चापट मारली. "आमच्या थिएटरात तोफ उडाली की खुर्ची सांगायची. कानाची गरजच नव्हती."

ते वाक्य मिस्त्रीच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दोस्ताकडे गेला. दोस्ताने सांगितलं, खोल आवाजाची पेटी कर. पण साधी पेटी तुझ्या घरात मावायची नाही, फ्रिजएवढी होईल. त्यापेक्षा ट्रान्समिशन लाइनची कर. आणि सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढून दिली.

मिस्त्रीला ती आकृती वाचायला दोन दिवस लागले, आणि कळली तेव्हा तो एकटाच हसला. स्पीकर जेवढं पुढे ढकलतो तेवढंच मागे ढकलतो. साध्या पेटीत हा मागचा आवाज कोंडून मारतात. इथे त्याला मारायचं नाही. एका लांबच लांब बोळातून चालवायचं. चालण्यात त्याचा वेळ जातो, आणि बोळाच्या तोंडातून तो बाहेर पडतो तेव्हा पुढच्या आवाजाशी पाऊल जुळवूनच पडतो. अगदी खोल आवाजाची एक लाट छत्तीस फुटांची. तिचा चौथा हिस्सा नऊ फूट. नऊ फुटांचा बोळ, तीन घड्या घालून सव्वादोन फुटांच्या पेटीत बसवायचा. म्हणजे सुताराचंच काम की हो! आत तीन फळ्या, आलटून पालटून एक टोक उघडं.

"आणि ती ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?" बायकोने विचारलं. "या घरात एक तर पेटी राहील नाही तर मी."

"कपाट काढू."

भिंतीभर पसरलेलं ते कपाट मिस्त्रीने अकरा वर्षांपूर्वी, या घरात आले तेव्हा केलं होतं. पुढच्या खोलीत कोपऱ्यापासून हातभर अंतरावर एक खांब पुढे आलाय. तो नजरेला खुपत होता, म्हणून मिस्त्रीने कपाट त्याच्यावरूनच चढवलं आणि मागची फळी खांबालाच स्क्रूंनी आवळली. अकरा वर्षांत त्या खांबाचं कोणी तोंड पाहिलं नव्हतं.

कपाट निघालं. प्लाय अजून टणक, बोट मारलं की वाजणारं. पेटीला तेच वापरायचं ठरलं. खांबावर स्क्रूंसाठी पाडलेल्या चार जागा दिसल्या. तीन जागांत स्क्रू धरणाऱ्या लाकडी गुल्ल्या घट्ट बसलेल्या. चौथ्या जागेवर पुट्टीचा एक जुना डाग होता. मिस्त्रीने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

पेटीला महिना गेला. मिस्त्री बाहेरची कामं आटोपून आला की तासभर तिच्याशी लागायचा. फळीची कड रंध्याने अशी जुळवायची की सांध्यात कागद जाऊ नये. मग सरस, मग फळ्या दाबून धरणारे शिकंजे. बोळाच्या पहिल्या निम्म्या भागात कापूस भरायचा होता, बारीकसारीक नको ते आवाज गिळायला. कापूस म्हणजे उशीत भरतात तोच. मिस्त्रीने गच्च कोंबला. बायकोने शिवणावरून मान वर केली.

"अहो, उशी भरताय की पोतं? एवढं कोंबलंत तर आत वारा तरी हलेल का?"

"तुला काय कळतं?"

"मला उशी कळते. तुम्हाला कळते का?"

तिने सगळा कापूस उपसला, पिंजला आणि हलक्या हाताने भरला. पेटी वाजल्यावर दोस्ताने पहिलं विचारलं, कापूस कोणी भरला, फार छान भरलाय. मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात तिने ही गोष्ट निदान चौदा वेळा काढली.

रविवारी दुपारी पेटी सोफ्याशेजारी मांडली. सोफा खांबाला टेकलेला, कारण कपाट गेल्यावर तीच जागा मोकळी झाली होती. लढाईचा तोच सिनेमा लावला. पहिली तोफ उडाली आणि म्हातारा ताठ बसला. दुसरी उडाली. त्याने दोन्ही तळवे सोफ्यावर सपाट ठेवले, जसं कोणी ताप पाहतं तसे.

"आला," तो म्हणाला. "आला रे आला."

आणि त्याच क्षणी मिस्त्रीच्या कानाने दुसरंच काहीतरी पकडलं. तोफेच्या शेपटीला बारीक खर्रर्र होतं. डब्यात खडा हलावा तसं.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. तीस वर्षांत त्याच्या हातचं दार कधी कुरकुरलं नव्हतं.

बास, म्हणजे खोल आवाज, वाजवणाऱ्या घरात असं होतंच, दोस्ताने सांगितलं. फोन पेटीला जोड, एकच सूर लाव, हळूहळू वर ने, आणि काय वाजतंय ते घरभर शोध. बायकोने फोनवर तसं ॲप घेतलं. सूर वीस हर्ट्झपासून चढू लागला. चोविसाला ताटाळ्यातली झाकणं वाजली. तिने हात ठेवला, थांबली. सत्ताविसाला ट्यूबलाइटची पट्टी. खाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला, थांबली. एकोणतिसाला खिडकीची काच. मग एकतीस. खर्रर्र. बायकोने घरभर हात लावत फेरी मारली. देव्हारा, घड्याळ, मशीनची पायटी, दाराची कडी. कशावरही हात ठेवला तरी खर्रर्र थांबेना.

आणि एकतीस म्हणजे बरोबर त्या नऊ फुटांच्या बोळाचा सूर.

"पेटीच फुटलीय," मिस्त्री म्हणाला. "आतला सांधा सुटलाय."

इथे त्याने तीच चूक केली जी चांगला कारागीरच करतो. गाढव कारागीर आधी भिंतीला शिव्या देतो. चांगला स्वतःच्या सांध्याला. त्याने पेटीची बाजू कापली, प्रत्येक फळी हलवून पाहिली, सगळे सांधे परत भरले, शिकंजे आवळले. पुढच्या रविवारी लावली. एकतीस. खर्रर्र. पुन्हा कापली. या वेळी स्पीकर बदलून आणला. खर्रर्र तसंच. मिस्त्री जेवेना, बोलेना. बायको म्हणाली, राहू द्या, बाबांना कुठे ऐकू येतंय ते!

"मला ऐकू येतंय ना," तो म्हणाला.

तिसऱ्या रविवारी फोन एकतिसावर लावून तो पेटीला कान लावून जमिनीवर आडवा पडला होता. सोफ्यावर बसलेला म्हातारा अचानक म्हणाला,

"जावईबापू, तिकडे काय शोधताय? ते इथे आहे."

"कुठे?"

"माझ्या पाठीमागे. आतून कोणीतरी टिचक्या मारतंय."

ज्याच्या कानांनी दगा दिला होता त्याच्या पाठीने सांगितलं. मिस्त्री उठला. त्याने खांबावर तळवा ठेवला. तळव्याखाली खांब कुजबुजत होता.

त्याने फोन बंद केला आणि बोटाच्या पेराने ठोकलं. वर: टक. खाली: टक. मध्ये, कमरेपासून छातीपर्यंत: ढप. ढप. ढप. सुताराला हा आवाज कोणी समजावून सांगावा लागत नाही. तीस वर्षं तो पोकळ आणि भरीव यांतला फरक कानाने ओळखून जगलाय.

त्याने सोफा ओढला, पटाशी घेतली आणि प्लास्टरवर टेकवली. हातोडीचे दोनच हलके ठोके. पापुद्रा ताटाएवढा सुटून पडला.

मागे काँक्रीट नव्हतं.

विटांचे तुकडे होते. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचे बोळे होते. साच्याच्या फळीचा कुजलेला तुकडा होता. आणि करंगळीएवढ्या दोन गंजक्या सळ्या, मधोमध, अंतराळी. एवढंच. त्याच्यावर तीन मजले.

वरच्या मजल्यावर कोणाचं तरी पाटा-वरवंट्यासारखं काहीतरी सरकलं, आणि तो आवाज त्या भगदाडातून खाली उतरताना तिघांनीही ऐकला. म्हाताऱ्यानेसुद्धा. बायकोचा हात तोंडावर गेला. मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं झालं नाही. उलट त्याला पहिल्यांदाच कळलं की डोक्यावर किती वजन आहे.

मग विटांचे तुकडे घरंगळले आणि त्यांच्यामागून काहीतरी टुपकन जमिनीवर पडलं. त्याने उचललं. बोटाच्या पेराएवढी सागवानी गुल्ली. आठ पैलूंची.

भोकात स्क्रू धरायला हल्ली सगळे प्लास्टिकची खुंटी ठोकतात. मिस्त्री अजून लाकडाची गुल्ली तासतो, कारण त्याच्या गुरूने शिकवलं होतं: गोल गुल्ली फिरते, आठ पैलूंची फिरत नाही. या गावात आणखी कोणी ती करत नाही. ती त्याची सहीच.

आणि त्याला अकरा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. खांबाला चौथं भोक पाडलं, गुल्ली ठेवली, हातोडी मारली आणि गुल्ली आत गेली. गेली ती गेलीच. आत कुठेतरी टुपकन पडल्याचा आवाजही आला होता. तो तेव्हा हसला होता. बायकोला म्हणाला होता, "खांबाने गुल्ली गिळली बघ!" मग कागदाचा बोळा कोंबला, पुट्टी मारली, कपाट चढवलं.

"अगं," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

आधी टेकू, मग बोलणं. दिवस मावळायच्या आत त्याने ओळखीच्या बांधकामावरून लोखंडी टेकू आणले, सहा, आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी छताला दिले. म्हाताऱ्याची गादी आतल्या खोलीत गेली. वर तिन्ही मजल्यांवर स्वतः जाऊन त्याने सांगितलं. आणि सोमवारी सकाळी तुमच्या कचेरीच्या दारात तोच आला. कोणी बोलावलं नव्हतं. स्वतः आला.

तुम्ही साहेब पाठवलात. साहेब आले, भगदाडात डोकावले, आणि त्यांची नजर घसरून पेटीवर पडली. चेहरा असा उजळला की विचारू नका.

"हे काय?"

"बासची पेटी, साहेब. सासऱ्यांसाठी."

"वाजवून दाखवा."

"टेकू लावलेत साहेब, आत्ता नको."

"म्हणजे वाजवलं तर धोका आहे, हे तुम्हाला मान्य आहे!" साहेबांनी लगेच लिहून घेतलं.

मिस्त्रीला वाटलं, चेष्टा करतायत. तो चक्क हसला. आठ दिवसांनी नोटीस आली. पेटीमुळे खांब पोकळ झाला. रहिवासी जबाबदार. घर पंधरा दिवसांत रिकामं करावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. जिन्यात वरची काकू भेटली. आठ दिवसांपूर्वी तिनेच त्याचे हात धरून म्हटलं होतं, देवासारखा धावलास रे बाबा. आता म्हणाली, "तरी मी म्हणतच होते, माझी भांडी का थरथरतात!"

नोटिशीला तुम्ही एक कागद जोडला होता, तुमचाच. पुरावा म्हणून. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीचा तक्ता. बायकोने तो बोट ठेवून वाचला. खांब क्रमांक सात: हातोडीने ठोकून तपासला, भरीव. म्हणजे दोन वर्षांपूर्वी धडधाकट होता, पेटीने बिघडवला.

"दोन वर्षांपूर्वी?" ती म्हणाली. "अहो, दोन वर्षांपूर्वी इथे कपाट होतं!"

मग तिला तो दिवस आठवला. दोन माणसं आली होती. उंबरा ओलांडला नव्हता. एकाने वहीतून मान वर न काढता विचारलं होतं, काही तक्रार? ती मशीनवर होती, म्हणाली, नाही. त्याने वही पुढे केली, तिने सही केली. कपाट कोणी उघडलं नाही. उघडलं असतं तरी आत साड्या, रजया आणि त्यामागे स्क्रूने आवळलेली फळी. हातोडी मारली कुठे? रजईवर?

"मग झालं तर," ती म्हणाली. "कपाटाचं लिहा. फोटो आहेत आपल्याकडे. गुल्लीचं लिहू नका."

"गुल्लीच खरा पुरावा आहे. अकरा वर्षांपूर्वी आत पोकळ होतं हे तीच सांगते. पेटीचा तेव्हा पत्ताही नव्हता."

"आणि तुम्हाला माहीत होतं हेही तीच सांगते! उद्या म्हणतील, कळलं होतं तर बोलला का नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, अहो. आहे तशी राहू द्या."

मिस्त्री बराच वेळ ती गुल्ली बोटांत फिरवत बसला. आठ पैलू, एकेक मोजत. मग म्हाताऱ्याच्या कानाशी जाऊन त्याने सगळं ओरडून सांगितलं, कारण ज्याच्या पाठीने खांब पकडला त्याला विचारल्याशिवाय ठरवणं बरं नव्हे.

म्हातारा म्हणाला, "आमच्याकडे एक मालक होता. सिनेमा लांबला की मधलं रीळ गाळायला सांगायचा. लोक येडे नसतात, जावईबापू. शिट्ट्या मारतात. दाखवायचं तर अख्खं दाखवा."

त्याने अख्खं लिहिलं. शिवणाच्या मशीनवर कागद ठेवून, सुताराच्या पेन्सिलने, मग बायकोकडून पेनाने उतरवून घेतलं. त्यात त्याने लिहिलं: अकरा वर्षांपूर्वी या खांबाने माझी गुल्ली गिळली. मी हसलो आणि वर पुट्टी मारली. माझ्या डोक्यावर तीन मजले होते आणि मी पुट्टी मारली. ही माझी चूक. खाली सही केली, नाव कोणालाही वाचता येईल अशी.

आणि मंगळवारी तो तुमच्या साहेबांसमोर उभा राहिला. खुर्ची रिकामी होती, बस कोणी म्हटलं नाही. त्याने टेबलावर कागद ठेवला, कागदावर गुल्ली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं. त्यांना दुसरा प्रश्न येत नसावा.

"माझी चूक आहे साहेब. खांबातून निघाली."

साहेबांनी कागद वाचला. वाचता वाचता ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "म्हणजे तुम्ही स्वतःच मान्य करताय."

"करतो. पोकळी मीही केलीय साहेब, पेटीत. नऊ फुटांची. तिचं इंच न इंच माप माझ्या वहीत आहे, कुठे किती कापूस आहे तेसुद्धा. खांबातल्या पोकळीचं माप तुमच्या कोणाच्या वहीत आहे?"

साहेबांचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी गुल्ली पेनाच्या टोकाने बाजूला सरकवली, जणू ती चावेल. "उत्तर यथावकाश कळवण्यात येईल."

"मी थांबतो," मिस्त्री म्हणाला, आणि न विचारता खुर्चीत बसला.

तो रोज येतोय. आज नववा दिवस. घर रिकामं करायला तुम्ही दिलेल्या मुदतीतले सहा उरलेत. टेकू उभे आहेत, पेटी जुन्या चादरीखाली मुकी पडलीय आणि म्हातारा आतल्या खोलीत पुन्हा चित्र बघतोय, नुसतं चित्र. वरचे तिन्ही मजले त्या सहा लोखंडी काठ्यांच्या भरवशावर स्वयंपाक करतायत, भांडतायत, झोपतायत.

मिस्त्रीने आपलं नाव लिहून दिलंय. आता तुम्ही द्या. त्या दिवशी, बंद कपाटामागच्या खांबावर, तुमच्या वहीप्रमाणे जी हातोडी पडली, ती कोणाच्या हातात होती?

यथावकाश नको. आज सांगा.